आमची मंडळी म्हणजे कोण

जालना,
१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आज सकाळी बियाण्याच्या प्लांटवर गेले. दुपारून अर्धी सुट्टी घेतली. वकिलांकडे जाऊन परत आले.

ती. सुरेखावन्सं यांना सत्यशीलेचा नमस्कार. (फारकत झाली म्हणून वन्सं म्हणायचं बंद करा, असं निकालात कुठे लिहिलेलं नाही. मी वाचून पाहिला.) तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल. परतूरला थंडी पडली असेल तर गार फरशीवर बसू नका. मी बरी आहे. बरी म्हणजे, दुपारपासून पाय जमिनीवर ठरत नाहीत. एरवी चार ओळींच्या वर लिहिणारी बाई मी नाही, हे तुम्ही जाणता.

तुमचे भाऊ जाऊन अकरा महिने झाले. गेल्या आठवड्यात कारभारीभावजींना त्यांच्या पेटीत मृत्युपत्र सापडलं, नऊ वर्षांपूर्वीचं, म्हणजे आमच्या फारकतीच्या तीन वर्षं आधीचं. त्यात कामाचं वाक्य एकच: ‘मस्तगडची माझ्या कमाईची दोन खोल्यांची जागा माझ्या पश्चात आमच्या मंडळींना द्यावी.’ नाव नाही, गाव नाही. (उखाण्यातसुद्धा बायकोचं नाव घ्यायला लाजणारा माणूस, मृत्युपत्रात कुठून घेणार?)

वकील तृप्तीबाईंनी सगळ्यांना बोलावलं. कारभारीभावजी म्हणाले, मंडळी म्हणजे घरची मंडळी, म्हणजे आम्ही भाऊ, बिलकुल साफ आहे. तेवढ्यात मस्तगडचे गोरक्षनाथबुवा उठले. त्यांचं म्हणणं, मंडळी म्हणजे भजनी मंडळी, रायभान वीस वर्षं आमच्यात पेटी वाजवायचा. (वाजवायचा बुवांचा पुतण्या. तुमचे भाऊ पेटी उचलून आणायचे.) त्या जागेत बुवांना पखवाज ठेवायचे होते. दोघांची जुंपली. मी कोपऱ्यात बसून होते. मला कुणी विचारलं नाही. बोलायला तोंड कुठे होतं? फारकतीच्या कागदावर ते अर्जदार एक आणि मी अर्जदार दोन, एवढंच आमचं नातं उरलेलं.

मग तृप्तीबाईंनी मृत्युपत्रावरचा एक साक्षीदार बोलावला. संपत, तुमच्या भावांसोबत रोलिंग मिलमध्ये असलेला. त्याला विचारलं, सही करताना काही बोलणं झालं का? तो म्हणाला, “झालं की. मी चष्मा शोधून राह्यलो होतो. तं रायभान म्हणला, आरं जल्दी कर, मंडळी भाकरी थापून राह्यली, गार झाल्या तर बोलणे खाईन मी.” आणि बुवांकडे वळून म्हणाला, “आता बुवा, तुमची भजनी मंडळी भाकरी थापत आल्ती का?”

वन्सं, बुवांनी टोपी घातली आणि गेले.

भावजी ओरडले, “पण मंग फारकत झाली की!” तृप्तीबाई शांतपणे म्हणाल्या, “फारकत बाईंशी झाली, कागदाशी न्हाई. फारकतीनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत न्हाई. लिहिलं तेव्हा मंडळी कोण, ते बघायचं. फारकतीनंतर पाच वर्षं जिवंत होते. बदलायचं असतं तर बदललं असतं.” भावजी हरकत घेऊ शकतात, पण टिकणं कठीण, असंही त्या म्हणाल्या.

बदललं नाही, वन्सं! पाच वर्षांत बदललं नाही! येताना मी शेअर रिक्षावाल्याला न विचारताच सांगून टाकलं की मी मंडळी आहे. तो म्हणाला, “असाल की बाई. पर सरकून बसा, शीट एकच धरतो.”

मुलाबाळांना आशीर्वाद.

आपली,
सत्यशीला

ता.क. जागेसाठी मी भांडणार नाही. कारभारीभावजी तिथे राहतात, तसेच राहू देत. फक्त हे त्यांना आठ दिवस सांगू नका. थोडं घाबरू द्या.

ता.क. दुसरं. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. तेराव्याला मला कुणी बोलावलं नव्हतं. तक्रार नाही. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. मी येऊ का? पंगतीत बसणार नाही, वाढायला येते.

नळाला पाणी आलं. हंडा लावते.