माझ्या रक्ताला उशिरा सुचलेलं शहाणपण

आदरणीय ताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तसं म्हणवून घ्यायची मुभा असेल तर) वाकून नमस्कार. आपला गुडघा, साडूंचं पित्त आणि दारातला कुत्रा हे तिन्ही शांत असतील अशी आशा आहे. (कुत्र्याची चौकशी का, ते माझ्या पोटरीला माहीत आहे.)

इकडे मी ठीक. सलून आहे, गिऱ्हाईक नाही. मला एचआयव्ही असल्याची बातमी फुटली तेव्हा खुर्चीत पोस्टमन होता. दारातून कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं आणि त्याला एकदम तातडीचं काम आठवलं. अर्धी दाढी फेसात, गळ्यात माझा टॉवेल, असा जो गेला तो गेला. उरलेली अर्धी त्यानं कुठे उरकली देव जाणे. टॉवेल काही परत आला नाही.

तर अशा या माझ्या रक्ताला गेल्या महिन्यात भाव आला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मला वाटलं, आटोपलं. धुतलेला सदरा घालून गेलो (जाताना माणसानं नीट दिसावं). तिथे गुबगुबीत खुर्ची, चहा, वर बिस्किटं. आणि पांढऱ्या कोटातली माणसं माझ्याकडे नव्या जावयाकडे बघावं तशी बघताहेत. माझं वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त त्यांनी तपासलं होतं.

डोक्यात शिरलं तेवढं सांगतो. विषाणू अंगात आला की रक्त त्याला धरायला प्रतिपिंडं तयार करतं. ती तयार होईपर्यंत हा लबाड रूप पालटून बसतो. मग रक्त नव्या रूपासाठी नवी प्रतिपिंडं घडवतं, तो पुन्हा पालटतो. बहुतेकांच्या अंगातली ही पळापळ वाया जाते. पण गोळ्या सुरू होण्याआधीच्या वर्षांत (तेव्हा धडधाकट माणसाला गोळ्या देत नसत, आणि मी पडलो रेड्यासारखा धडधाकट) माझ्या रक्तानं पाठलाग करता करता विषाणूचा असा भाग हेरला, जो त्याला सहजासहजी बदलता येत नाही. आता माझी प्रतिपिंडं काचेच्या बशीत कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचे विषाणू अडवतात. मी छाती फुगवली. मग माझाच का नाही अडवत, असं विचारल्यावर बाईंनी आधी बिस्किटं पुढे सरकवली, मग सांगितलं. माझा तोवर त्यातूनही निसटला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते हेच.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आपल्या बहिणीचं रक्त तिच्या शेवटच्या आजारपणात इथेच घेतलं होतं, ते आहे का, असं विचारून बसलो. होतं. माझ्याकडूनच तिच्याकडे गेलेला तो विषाणू माझ्या रक्तासमोर ठेवून बघा म्हटलं. बाई नको म्हणत होत्या, मी हट्ट सोडला नाही. पुन्हा बोलावलं तेव्हा चहा नव्हता.

"अडवतं," बाई म्हणाल्या. "तिचा विषाणू तुमच्या आताच्या रक्तापुढे टिकत नाही."

"आणि तेव्हाच्या?"

"तेव्हा तुमचं रक्त अजून शिकत होतं."

ताई, मी शाळेत उशिरा पोचलो, कामाला उशिरा लागलो, स्वतःच्या लग्नातही उशिरा आलो (आपण दारात उभ्या होतात). पण इतका उशीर मी कधी केला नव्हता. उठून आभार मानले आणि बंद काचेच्या दारावर आपटलो. टेंगूळ आलं. सगळे धावत आले, त्यांनी आधी रक्त आलंय का ते पाहिलं, आणि नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसले असा मला संशय आहे. हीच अक्कल इतरांच्या रक्ताला वेळेआधी शिकवता येईल का, ते त्यांना शोधायचं आहे. मी दंड पुढे केला.

साडूंना नमस्कार. कळावे.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. माझी लेक दोन वर्षांची असताना आपण तिला पदरात घेतलंत. तिच्या तपासणीत काही निघालं नाही, ती सुखात आहे, तिला परत मागत नाही. पण परवा शाळेबाहेर लांबून पाहिली. केस डोळ्यांवर येतात. एका दुपारी मला कापू द्याल? गोळ्यांमुळे माझा विषाणू आता तपासणीत सापडतही नाही, आणि केस कापून तो कुणाला होत नाही. बाई आपल्याशी बोलायला तयार आहेत. तरी कात्री आपल्या घरचीच वापरीन.

आणखी ता. क. कात्रीला आधी धार लावून ठेवा. बोथट कात्रीनं केस ओढले जातात, आणि पोर रडली तर आळ माझ्यावर यायचा.