घुमटाच्या दोन भिंती

बाबा, फ्लॉरेन्सच्या त्या मोठ्या चर्चच्या घुमटाला एक नाही, दोन भिंती आहेत. एकीच्या आत दुसरी, आणि मधल्या अरुंद बोळातून पायऱ्या चढत वर जातात. मी स्वतः चढले, अंग चोरत, तुमच्या नावानं बोटं मोडत. काल ॲडम्सटाउनला घरी परतले, बॅगा तशाच पडल्यात, कारण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुम्ही शाळेत चित्रकला शिकवायचात आणि फ्लॉरेन्सबद्दल असं बोलायचात, की वाटावं मे महिन्याची सुट्टी दरवर्षी तिथंच काढता. खरं तर सांगलीहून तुम्ही लांब गेलात ते विजापूरला, आमच्या वर्गाची सहल घेऊन. गोलघुमटात उभे राहून तुम्ही सांगताय, "फ्लॉरेन्सचाही असाच. एकच जाड भिंत. मधे मुंगी शिरायला जागा नाही." मी विचारते, "सर, तुम्ही पाहिलाय?" शाळेत तुम्हाला बाबा म्हणायची सोय नव्हती. वर्ग हसतो. "सगळं पाहायलाच लागतं का? गप्प बस!" तुम्ही ओरडता, आणि घुमट ते पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. त्यानंतर तुम्हाला उलट विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

आणि मी मूर्ख, रांगेत उभी राहून लेकाला तुमचंच वाक्य छातीठोकपणे सांगितलं. तो इथंच वाढलाय, मराठी कळते, उत्तर इंग्रजीत. बोळात शिरल्यावर मागून त्याचा आवाज आला, "मॅम, देअर्स टू वॉल्स. युवर मॅन वॉज राँग." इथे 'मॅम' म्हणजे आई, आणि 'युवर मॅन' कुणाही सोम्यागोम्याला म्हणतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजोबा म्हण!" मी तिथंच खेकसले. मागच्या लोकांची वाट अडली.

वर सगळे शहराचे फोटो काढत होते आणि मला तुम्हाला फोन करायचा होता. 'बाबा, तुम्ही चुकलात,' हे तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही चिडला असतात, हटून बसला असतात. या विषयावर माझ्याशी भांडेल असं आता कुणीच उरलेलं नाही, याचा मला भयंकर राग आला.

तेवढ्यात लेकानं विचारलं, "सो व्हॉट डिड आजोबा ॲक्चुअली से?"

"दोन भिंती आहेत म्हणाले होते. मीच चुकीचं सांगितलं तुला."

"ग्रँड," म्हणाला तो. म्हणजे इथल्या बोलीत नुसतं 'बरं'.

खोटं बोलले, बाबा. हे पाठवायला पत्ता नाही ते एक बरं आहे. वाचून तुम्ही खूश झाला असतात, आणि चुकलात हे तरीही कबूल केलं नसतंत.