दगडाखालचे साक्षी

ओबरएर्लाख,
१३ जून १९८६, संत अंतोनचा दिवस

चि. बुर्खार्ड यास,

झेंटाताईचे आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझी कंबर कशी आहे?

गावाच्या साडेसातशेव्या वर्षाच्या पुस्तिकेची तुझी पानं पोचली. "तारखा तपासून दे" म्हणालास, म्हणून वह्या काढून बसले. हे पत्र त्याच पानांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. चांगला कागद वाया का घालवायचा?

पान तीन. लिंडनच्या झाडावर वीज पडली ती १९११ साली नव्हे, १९१३ साली, बाबांच्या लग्नाच्या वर्षी. पान सात. चर्चच्या मोठ्या घंटेवरचं नाव मार्गारेटा आहे, मारिया नव्हे. तिची दोरी तू तीन वर्षं ओढलीस, एवढं तरी आठवायला हवं होतं.

आईच्या थडग्यावर बेगोनिया लावलेत. मार्चमध्ये तिला पुरून तू लगेच गाडी पकडलीस, बोलणं राहिलंच.

पान चौदा. "पेअरच्या झाडाजवळचा सीमादगड गावातला सर्वांत जुना असून आजवर जागचा हललेला नाही. शेजारचा झरा लेखकाच्या घराण्याचा."

हे वाचून मी आधी बटाटे सोलून आले. मग पुन्हा वाचलं.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. पेअरकडचा तुकडा तुझा, रानाकडचा माझा, झऱ्यासकट. लहानपणी बाबा मला झाडापासून दगडापर्यंत चालायला लावायचे. बारा पावलं. वाटणीनंतरच्या वसंतात मी चालून पाहिलं तर एकोणीस, आणि झरा तुझ्या बाजूला. मी बोलले, तर तू खानावळीत सगळ्यांसमोर हसलास. "आमच्या झेंटाला दगड चालताना दिसतात! प्रार्थनेला गुडघे टेकून टेकून डोकं गेलंय तिचं!" तेव्हापासून पोरंसोरंसुद्धा मला 'चालत्या दगडाची झेंटा' म्हणतात. एकतीस वर्षं माझ्या गाईंसाठी गावच्या हौदावरून बादल्या वाहिल्या.

तेव्हाच खणायला लावणार होते. आईने माझा हात धरला. "मी असेपर्यंत नको गं." एवढंच म्हणाली. तो दगड एकट्या माणसाला उपटून न्यायला जड आहे, बुर्खार्ड. दुसरं टोक कोणी धरलं होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुलाही विचारत नाही.

मंगळवारी गांगोल्फकाकांकडे गेले. शेतांच्या हद्दी राखायची शपथ घेतलेल्या सात सीमारक्षकांत आता तेच वडीलधारे.

"झेंटा, कशाला खणायचं? इतकी वर्षं बसलाय बिचारा."

"बसलाय की बसवलाय, तेच बघायचंय, काका."

"बापरे! जीभ अजून तशीच आहे गं तुझी!"

काल सातही जण कुदळी घेऊन आले. दगडाखाली ते साक्षी, म्हणजे गुप्त खुणा, पुरतात. काय पुरतात ते बायकोलासुद्धा सांगत नाहीत. तुला दगड दिसला, तो हलवलास. खालचे साक्षी तुला कुठून दिसणार?

रीतीप्रमाणे आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. अर्धं गाव जमलं होतं. बराच वेळ माती उपसल्याचा आवाज येत राहिला. मग काका म्हणाले, "इथे काही नाही." कोणीतरी खोकलं. मी झाडाकडे गेले, बारा पावलं चालले आणि पायातली लाकडी चप्पल तिथे काढून ठेवली. पुन्हा पाठ फिरवली.

या वेळी काका एकच शब्द बोलले. "आहे."

पादरीबाबांनी मला क्षमा करायला सांगितलंय. करीन म्हटलं. दगड जागेवर बसला की.

तो उपटून कडेला ठेवलाय. आपण हात लावायचा नाही, असं सातही जणांनी ठरवलंय. ज्याने आणला त्याने परत न्यायचा. २९ तारखेला, पीटर-पॉलच्या सणाला, तू गावच्या सोहळ्याचा पाहुणा म्हणून येतोच आहेस. तुझ्या भाषणाआधी बँड लावून सगळे शेतावर जाऊ. सातच पावलं आहेत. आला नाहीस तर खड्डा उघडाच राहील, आणि का उघडा आहे ते प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः सांगेन.

पान चौदा कोरं सोडायला छापखान्याला सांगितलंय. तिथे काय लिहायचं ते त्या दिवसानंतर बघू.

कंबरेला लोकरी पट्टा बांधून ये. संत अंतोन हरवलेलं शोधून देतो, आज त्याच्यापुढे तुझ्या नावाची मेणबत्ती लावली आहे.

तुझीच बहीण,
चालत्या दगडाची झेंटा