दोनशे अकरा प्रतिक्रिया

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे नव्या घरात. सामान अजून खोक्यांतच आहे, गाळणं सापडेना म्हणून सकाळचा चहा रुमालातून गाळला, पण मी इतकी खुशीत आहे की तो रुमालाचा चहासुद्धा फक्कड लागला. कारण एकच. मला खोली मिळाली. माझी, एकटीची. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकानदार दिवसभर शीळ घालतो आणि प्रत्येक गाणं अर्ध्यावर सोडतो. खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, भिंतीला लागून एक कॉट. हे म्हणाले, कॉट कशाला, तिथे पुस्तकांचं कपाट बसेल. मी म्हटलं, अकरा वर्षं तुमच्या आईच्या कॉटशेजारी जमिनीवर गादी टाकून झोपले, आता एक कॉट माझी. हे खोकी उचलायला लागले. न बोलणं यांना फार छान जमतं.

सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले. अर्धं अंग गेलेलं, वाचा मात्र शाबूत होती. जरा जास्तच शाबूत. असो. ही वही नव्या दिवसांसाठी आहे.

माझ्या ब्लॉगला, 'दुसऱ्यांच्या वह्यां'ना, या महिन्यात सहा वर्षं होतील. रीत साधी आहे. आठवडाभर लोकांचे ब्लॉग वाचायचे, रविवारी त्यातले चार-पाच निवडून त्यांचे दुवे द्यायचे आणि खाली आपलं मत लिहायचं. चांगलं असेल तर तोंडभरून कौतुक करते. भोंगळ असेल तर सालं काढते. वाचक सालांसाठीच येतात, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. ही कागदाची वही मात्र कुणासाठी नाही. टेबलाच्या खणात, किल्लीखाली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक ब्लॉग सापडला आणि दुपारपासून डोकं फिरलंय.

'पाठीमागची खोली' नाव. लिहिणारी स्वतःला नुसतं 'सूनबाई' म्हणवते. चाळीसेक लेख आहेत, एकाखालीही कुणाची प्रतिक्रिया नाही. सासू ब्याऐंशीची, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर ओढून सरळ करायची, सुरकुती राहिली तर कातडी सोलते. तेवढं तिने अचूक लिहिलंय. माकडहाडापाशी बशीएवढी जखम आहे, ती रोज कशी धुते तेही लिहिलंय. आणि मग म्हणते, "आज वळवताना सासूबाईंनी माझ्या गळ्यात हात टाकला आणि हसल्या. दिवस सोन्याचा झाला."

सोन्याचा! अगं, अकरा वर्षं मीही वळवत होते. माझ्या गळ्यात कुणी हात नाही टाकला. नखं मारली. आणि ही बया अंगभर मध फासून बसली आहे. खोटं, धादांत खोटं! असल्या बायकांमुळेच बाकीच्यांनी तोंड उघडायची सोय राहत नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

टाकलं. मथळा : 'बशीएवढी जखम, परातीएवढं कौतुक'. तिचा जखमेचा परिच्छेद अख्खा उचलून वर ठेवला आणि खाली लिहिलं : "अशा म्हाताऱ्या मरत नाहीत, त्या सुना खाऊन जगतात. आणि अशा सुना स्वतःला ताटात वाढून देतात." शेवटी तिला सरळ सांगितलं, बाई, खोलीचं दार लाव आणि दोन तास फिरून ये. काही होत नाही.

लिहून झाल्यावर अंगातून ताप उतरावा तसं हलकं वाटलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रतिक्रिया धो-धो. आजवर कधी पन्नासावर गेल्या नव्हत्या, आज संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा. कुणी थेरडी म्हणालं, कुणी बांडगूळ, कुणी विचारलं म्हातारीला कुरियरने कुठे पाठवता येईल का. मी हसले. शेवटची प्रतिक्रिया माझीच : "मैत्रिणींनो, आज जेवण पचलं!"

जेवायच्या आधी सूनबाईची मेल आली. अगदी नम्र. ताई, तेवढा लेख काढाल का. माझ्या नणंदेने तो सासूबाईंना वाचून दाखवला, खालचं सगळंही. तेव्हापासून त्यांनी भिंतीकडे तोंड केलंय. काही खात नाहीत. "मी लिहिते हे त्यांना माहीतच नव्हतं. मला वाटायचं कोणी वाचत नाही."

मग लिहावं कशाला? चव्हाट्यावर मांडलंस तू, मी फक्त बोट दाखवलं. हे म्हणाले, काढून टाक ना, तुझं काय जातं. काय जातं! यांचं कधी काही गेलंच नाही. आईची कूस बदलायची वेळ आली की यांना नेमका फोन यायचा.

काढणार नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

तिची दुसरी मेल, तिसरी. तिसरीत नुसतं : "ताई, पाणीसुद्धा नाही घेत हो." मी उत्तर दिलं, की तुझ्या घरचा रुसवा माझ्या दारात आणू नकोस. वर आणखी एक टिपण टाकलं, 'नाजूक सासू, नाजूक सून'. हात शिवशिवत होते. मी चिडले की चांगलं लिहिते, हे माझं दुर्दैव.

१७ नोव्हेंबर, रविवार

म्हातारी गेली. काल दुपारी दोनला.

सूनबाईने कळवलं. शिव्या नाहीत, शाप नाही. शेवटच्या दिवशी सासूबाई एकदाच बोलल्या म्हणे. विचारलं, ती लिहिणारी बाई राहते कुठे? हिने सांगितलं, मला नाही माहीत. त्या म्हणाल्या, असू दे, मी बघते.

मला अपराधी वाटावं म्हणून केलेला हा रडका डाव आहे. ब्याऐंशी वर्षांची बाई, अर्धी आधीच गेलेली, आणि पाप माझ्या माथी? मला वाईट वाटत नाहीये. मला संताप येतोय. इतका, की आजचा रविवारचा लेख लिहिताच आला नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

खोलीत पावडरचा वास येतोय. अंगाच्या पावडरचा, आणि त्याखाली दुसरा, जो पावडरने झाकायचा असतो. तो वास मी कुठेही ओळखेन. दोनच्या सुमाराला आला आणि चारपर्यंत राहिला. खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, कॉटची गादी उन्हात टाकली. यांना विचारलं, जुन्या घरातली कुठली चादर या खोक्यांत आणलीत का? हे म्हणाले, काही नाही आणलं, आणि कसला वास, मला तर येत नाही. यांना तेव्हाही यायचा नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

गादी उन्हातून आणून मी स्वतः चादर घातली. ताणून, कडा खोचून, माझा हात बसलाय त्याला. दोन वाजता लॅपटॉपवरून मान वर केली तर मधोमध खळगा. माणूस निजल्यावर पडतो तसा. उशीलाही.

हात फिरवून सरळ केला. वळले. पुन्हा पडला, आणि चादरीला सुरकुत्या.

मी ओरडले. घाबरून नाही, रागाने. म्हटलं, ऊठ माझ्या कॉटवरून! खालच्या दुकानदाराची शीळ थांबली. खळगा तसाच राहिला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

यांना खोलीत आणून दाखवलं. हे कॉटवर बसले, नेमके त्या खळग्यात, आणि म्हणाले, गादी जुनी आहे, कापूस बसलाय. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, तू दमली आहेस. मी म्हटलं, मी दमले होते तेव्हा कुठे होतात?

हे उठून गेले. खळगा भरला नाही. उलट थोडा सरकला, भिंतीकडून माझ्याकडे.

कूस बदलली. कुणी न बदलता.

२४ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही लेख काढून टाकले. सगळ्या प्रतिक्रियांसकट. सूनबाईला मेल केली, चुकलं माझं, काय हवंय तुम्हाला? उत्तर आलं एका ओळीचं. "ताई, मला काही नको, मी आता लिहीत नाही."

लॅपटॉप मिटला. दोन वाजता उघडला तर समोर तेच पान. मथळा, जखम, खाली दोनशे अकरा. पुन्हा काढलं. पुन्हा उघडं. चार वेळा.

आणि मागून, कॉटवरून, एक शब्द. चिडलेल्या म्हातारीचा, ओठाच्या एकाच बाजूने आलेला.

"वाच."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नाही वाचणार म्हटलं. खोलीबाहेर जायला उठले. पाय उचलेना. डावा.

वाचलं मग. मोठ्याने. पहिल्या प्रतिक्रियेपासून. "थेरडी" आलं की त्या म्हणतात, पुन्हा. मी पुन्हा वाचते. पुन्हा. किती वेळा ते मोजलं नाही. चार वाजता पाय सुटला. त्रेपन्न झाल्या.

घसा बसलाय. हे म्हणाले, कुणाशी बोलत होतीस? सांगितलं सगळं. हे घाबरले, पण कॉटला नाही. मला.

२७ नोव्हेंबर, बुधवार

यांनी रजा टाकली आहे. डॉक्टर येऊन गेले, झोपेच्या गोळ्या, विश्रांती म्हणाले. सकाळी यांच्याबरोबर खालच्या बाकावर जाऊन बसले, म्हटलं आज दोन वाजता वर जायचंच नाही, बघू काय करते ती.

दोनला बाकाच्या पाठीला पावडरचा वास.

बाकावरच वाचलं. पान समोर नव्हतं तरी. तोंडपाठ असल्यासारखं, एकामागून एक. लोक थांबून बघत होते. हे माझा हात धरून ओढत होते, गप्प बस, गप्प बस. दुकानदार पाण्याचा तांब्या घेऊन आला, तर त्यालाही तेच ऐकवलं — थेरडी, बांडगूळ —

एकशे नव्वद.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं. दोनशे अकरावी माझी. "मैत्रिणींनो, आज जेवण पचलं." ती सतरा वेळा.

मग 'पुन्हा' आलं नाही. मला वाटलं, सुटले. रडले, हात जोडले, म्हटलं, आजी, झालं ना आता? मी काय केलं होतं हो तुमचं, मी तर तुम्हाला पाहिलंही नव्हतं — आणि बोलता बोलता पुन्हा राग आला, आवरला नाही, म्हटलं, तुमच्या सुनेने लिहिलं, लेकीने वाचून दाखवलं, दोनशे जणांनी शिव्या दिल्या, आणि धरलंत फक्त मला?

त्या म्हणाल्या, तुझं कुठे वाचलं अजून?

म्हटलं, माझं काय?

खणाची किल्ली आपोआप फिरली नाही. मीच फिरवली. माझाच हात.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन वाजले. वही पुढ्यात. त्या म्हणतात, वाचायचं काय, तू लिहिलंच नाहीस त्यात. लिही. आमचं लिहिलंस तसं. जखमेसकट.

नाही लिहिणार.

हात चालतोय. डावं अंग जड. उजवा हात माझा नाही —

मार्चमधली दुपार. सासूबाईंनी पाणी मागितलं. मी ब्लॉग लिहीत होते. कुणाच्या तरी कवितेची सालं काढत होते. मजा येत होती. म्हटलं, येते.

दार वाजलं. हे आत आलेत. मागे उभे आहेत. मान वळत नाही. श्वास ऐकू येतोय यांचा. वाचताहेत.

नका वाचू. अहो, नका —

दुसरी हाक. येते म्हटलं. उठले नाही. मग खोकला. ठसका. स्वतःच तांब्या ओढला होता त्यांनी, चांगल्या हाताने. उताणं निजून पाणी —

हे म्हणताहेत, तू बाजारात गेली होतीस. तू मला तसं सांगितलंस. बाजारातून आलीस तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

लिही, त्या म्हणतात.

बाजारात नव्हते. भाजी सकाळीच आणली होती. पिशवी घेऊन नुसती खाली गेले, नंतर, सगळं झाल्यावर. आठवतं, पायरीवर बसून उरलेली ओळ मनात पुरी केली.

हे म्हणताहेत, किती वेळ?

राग यायचा हो मला. अकरा वर्षं. रोज, रोज राग. तुम्ही कुठे होतात —

किती वेळ, म्हणताहेत. यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. खांद्यावर हात ठेवलाय. दाबताहेत.

दार उघडंच होतं. मधे दहा पावलं. मला दिसत होतं सगळं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि तो चांगला हात उचलला, मला बोलवायला, आणि मी लॅपटॉपचा पडदा जरा वर केला म्हणजे तो हात दिसणार नाही, आणि