कलम चार : तोंडी सल्ला देऊ नये

१३ नोव्हेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवायची, ही पाणी खात्यातली माझी एकतीस वर्षांची सवय. निवृत्त झालो म्हणून ती सोडायचं कारण नाही.

काम असं. काल जेवताना मार्लीन म्हणाली, थँक्सगिव्हिंगचा स्वयंपाक यंदा माझ्याच्यानं होणार नाही, आपण जॉइसकडे टूसॉनला जाऊ. जॉइस तिची बहीण. मी म्हटलं, त्यात न होण्यासारखं काय आहे? टर्की ओव्हनमध्ये ठेवायची, पुढचं ओव्हन बघतो. मार्लीनने काटा खाली ठेवला. म्हणाली, मग यंदा तू कर.

मी लगेच हो म्हटलं.

ठरलं ते असं. नऊ माणसांचं जेवण मी एकट्याने करायचं, गुरुवारी चोवीस तारखेला दुपारी तीनला टेबलावर गरम. जमलं तर यापुढे थँक्सगिव्हिंग याच घरात आणि टूसॉनचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर दरवर्षी टूसॉन. तिथे टर्की माझा साडू फिल कापतो. इथे मी कापतो. निवृत्त झाल्यापासून वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मला कुणी काही विचारत नाही. त्या एका दिवशी सगळे ताट पुढे करून विचारतात, व्हर्नन, मला छातीचा तुकडा मिळेल का? म्हणून हे टेबल इथून हलता कामा नये. हे मार्लीनला सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

चार्ट तयार. चार रंग. फ्रीजच्या दारावर लावला. शेजारी नियम:

कलम एक, स्वयंपाकघराचा ताबा व्हर्ननकडे. कलम दोन, मार्लीनने कशाला हात लावू नये. कलम तीन, उसासे टाकू नयेत. कलम चार, तोंडी सल्ला देऊ नये.

मार्लीनने चष्मा लावून वाचलं आणि सही केली. मग विचारलं, चौथं नक्की ना? मी म्हटलं, हा सल्लाच झाला. ती गप्प बसली. कामाची सुरुवात चांगली.

१६ नोव्हेंबर, बुधवार

बावीस पौंडी टर्की आणली. दगडासारखी गोठलेली. तळघरातल्या फ्रीझरमध्ये ठेवली. कुंपणापलीकडून वॉल्टने विचारलं, बाहेर कधी काढणार? मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी. वॉल्ट इतका हसला की त्याला पानं ओढायच्या दाताळ्याचा आधार घ्यावा लागला. म्हणाला, अरे, फ्रीजमध्ये पाच दिवस लागतात तिचा बर्फ सुटायला, नाहीतर गुरुवारी करवतीने कापशील.

मला ते माहीत होतं. त्याला माहीत आहे का, ते बघत होतो. चार्टमध्ये दुरुस्ती केली.

१९ नोव्हेंबर, शनिवार

टर्की फ्रीजमध्ये आली. बिअर बाहेर पडवीत गेली. मार्लीन दिवाणखान्यात जाड कादंबरी वाचत बसली आहे. नोव्हेंबरात तिच्या हातात पुस्तक मी कधी पाहिलं नव्हतं. पानं फार शांतपणे उलटते. हे उसाशात धरावं का, याचा विचार चालू आहे.

सासूबाईंचा फोन. वय शहाऐंशी, आवाज खणखणीत. म्हणाल्या, जेली आणतेय. त्यांची ती हिरवी लिंबाची जेली, आत गाजराचा कीस. चौतीस वर्षं येते आणि जवळजवळ आहे तशी परत जाते. मी म्हटलं, यंदा नको, मेनू बंद झालाय. म्हणाल्या, जावईबापू, मेनू तुमचा, जेली माझी. आणि फोन ठेवला.

२० नोव्हेंबर, रविवार

दुकानातून आलो तर मार्लीन स्वयंपाकघरात. बाह्या कोपरापर्यंत वर, घरभर सोड्याचा वास. कलम एक आणि दोनचा सरळसरळ भंग. विचारलं तर म्हणाली, सवय. जाताना तिने विचारलं, ओव्हन कधी उघडणार आहेस? मी म्हटलं, चार्ट बघ. गुरुवार, सकाळी सात. त्याआधी ओव्हनचं काय काम?

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिस्त लागते आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

टर्कीच्या पोटात भरायच्या सारणासाठी पाव वाळवायचा असतो. चार मोठे पाव कुस्करले. टेबल, खिडकीची कड, इस्त्रीचं फळकूट, सगळीकडे पाव. एवढा पाव मार्लीन इतकी वर्षं कुठे वाळत घालायची? मला कधी दिसला नाही. विचारणार होतो, पण कलम चार.

सारणाला वास यायला सेजचा पाला लागतो, गावात त्याचं एक पान शिल्लक नाही. तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, लोक तो पहिल्या आठवड्यातच घेऊन जातात, राजा.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

बटाटे. दहा पौंड. सिंकपाशी उभं राहून दोन तास सोलले. पाठ गेली. सिंकसमोर एकच खिडकी आणि तिच्यातून वॉल्टच्या गॅरेजचं दार दिसतं. दुसरं काही नाही. तपकिरी दार. मध्ये एकदा वॉल्ट आला, दार वर केलं, बाहेरून फिरून आला, दार खाली केलं. मोकळा माणूस. मी काचेवर टकटक केली. त्याने हात हलवला आणि गेला.

मार्लीनला म्हटलं, इथून काहीच दिसत नाही ग. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, हो?

संध्याकाळी बघतो तर बटाटे काळे पडलेले. पाण्यात ठेवायचे असतात म्हणे. उद्या परत दहा पौंड.

आज पहिल्यांदा वाटलं, सोडून द्यावं. पण सोडायचं म्हणजे दिवाणखान्यात जाऊन मार्लीनला तसं सांगायचं. त्यापेक्षा बटाटे बरे.

२३ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी १०

सगळं वेळेत. वेळ उरला म्हणून एक जादा काम अंगावर घेतलं. ओव्हन स्वच्छ करणं. जुना ओव्हन, चौतीस वर्षांचा स्वयंपाक, आत काय राड असेल देव जाणे. ओव्हनला त्यासाठी बटणच असतं. ते दाबलं की दाराला आपोआप कुलूप लागतं, ओव्हन भट्टीसारखा तापतो आणि घाणीची राख होते. हे बटण मार्लीनने कधी वापरलेलं मी पाहिलं नाही. बायका यंत्रांना घाबरतात.

बोट बटणावर ठेवलं, तेवढ्यात मार्लीन कॉफीचा कप घेऊन दारात. म्हणाली, व्हर्नन, त्याच्या आधी जरा... मी फ्रीजकडे बोट केलं. कलम चार. ती कप घेऊन परत गेली.

१०.२०

थोडा धूर आला, जळका वास. म्हणजे घाण होतीच. मी म्हटलंच होतं.

दुपारी २

ओव्हन गार झाला. दार उघडत नाही. लाल दिवा लुकलुकतो आहे. वरच्या शेगड्या चालतात, ओव्हन मेलेला. मुख्य बटण बंद करून पाहिलं. विनंती करून पाहिली. पायाने एकदा.

३.३०

दुरुस्तीवाल्याचा फोन लागला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, साहेब, दरवर्षी याच आठवड्यात. पाहुणे येणार म्हणून लोक ओव्हनला आंघोळ घालतात, आतला फ्यूज उडतो, दार अडकतं. आज तुम्ही सतरावे. सोमवारी येतो.

सासूबाई आल्या. जेली मांडीवर. फ्रीजचं दार जिथे अडतं बरोबर तिथे खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, मी आहे, चालू द्या तुमचं.

४.१५

टर्की भाजायचा मोठा ट्रे सापडत नाही. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तळघर, माळा, गाडी, सगळं शोधलं. शेवटी मार्लीनला विचारलं. म्हणाली, नेहमीच्या जागी. नेहमीची जागा कोणती? म्हणाली, ओव्हनमध्ये, व्हर्नन. चौतीस वर्षं.

मी बटण दाबण्याआधी दार उघडून पाहिलं नव्हतं. चार्टमध्ये ते नव्हतं.

५.३०

वॉल्टच्या ओव्हनमध्ये त्याची टर्की, त्याच्या सुनेची टर्की आणि पाच ॲपल पाय. चर्चच्या ओव्हनमध्ये म्हाताऱ्यांच्या जेवणासाठी चार टर्क्या. भावाला फोन केला तर वहिनी म्हणाली, आमच्याकडे ॲपल पाय भाजतेय ना मी, तुझ्याचकडे आणायला. अख्ख्या एरी गावात उद्या एक ओव्हन रिकामा नाही. सासूबाई म्हणाल्या, जेलीला ओव्हन लागत नाही.

एरीच्या मोठ्या तळ्यावरून बर्फ यायला लागलाय. पॉलाचा फोन आला, नवरा-मुलांसह कोलंबसहून निघाले. म्हणाली, बाबा, पोरं टर्की टर्की करतायत. मागे फिरा म्हणावंसं वाटलं. सावकाश या म्हटलं.

मला भीती वाटते आहे. टर्कीची नाही. पुढच्या वर्षी सगळे विमानाने टूसॉनला जातील आणि मला कुणी छातीचा तुकडा मागणार नाही, याची. लिहून ठेवतो आणि पान उलटतो.

२४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६

मार्ग सापडला. पाणी खात्यात पाइप फुटला की रडत बसत नसत. गॅरेजमध्ये लोखंड कापायची करवत आहे. नवं पातं घातलं.

९

टर्कीचे अकरा भाग. तीन पातेल्यांत उकळत ठेवले. सारणाच्या टिक्क्या करून तव्यावर. पातेलं एक उतरलं की दुसरं उतू जातं, ते आवरलं की टिक्की करपते. सासूबाईंच्या खुर्चीमुळे फ्रीज अर्धाच उघडतो, म्हणून लोणी काढताना हात खांद्यापर्यंत आत. त्यांना उठा म्हणायची सोय नाही.

दुपारी २

सगळे आले. दिवाणखान्यात फुटबॉल लागलाय. हशा ऐकू येतो. कशावर हसतायत ते इथून कळत नाही. नातवाने येऊन पातेल्यात डोकावलं आणि विचारलं, आजोबा, टर्की कुठाय? मी म्हटलं, आतच आहे.

संध्याकाळी ७

जेवण तीनला नाही, पावणेपाचला. बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या. क्रॅनबेरी सॉस डब्यातून निघाला तसा डब्याच्याच आकारात उभा. टर्की रश्शात. कापायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे मोठी सुरी मी नुसती टेबलावर ठेवली. पॉला म्हणाली, बाबा, हे सूप फार छान झालंय. सूप नव्हतं ते.

जेली संपली. पूर्ण. सासूबाईंनी भांडं माझ्याकडे तिरकं करून दाखवलं.

मग रिवाजाप्रमाणे एकेकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचं. मार्लीन म्हणाली, चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी या टेबलावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून गरम जेवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं, कारण ग्रेव्ही घट्ट होत नव्हती. तिने 'गरम' म्हटलं, हे महत्त्वाचं. करारात गरमच ठरलं होतं.

ग्रेव्ही घेऊन आलो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंचे बोलून झाले होते. माझी पाळी निघून गेली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले. दरवर्षी मार्लीनच्या पाळीला ती कुठे असायची ते आठवून पाहिलं. नाही आठवत.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

निष्पक्षपणे पाहता निकाल बरोबरीचा. नऊ माणसं जेवली, कुणी आजारी पडलं नाही. उशीर यंत्राच्या बिघाडामुळे, आणि यंत्राचा बिघाड करारात येत नाही. मार्लीनला हे समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि जॉइसला फोन लावला. पुढच्या नोव्हेंबरात दोघे येतोय, म्हणाली. निदान दोघे म्हणाली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीवाला आला. दहा मिनिटांत दार उघडलं. आत निळा ट्रे, आता काळा, एका बाजूने वाकलेला. ट्रेमध्ये कागदाची राख. त्याने विचारलं, आत कागद कुणी ठेवला? बाकी ओव्हनमध्ये घाणीच्या राखेचा कण नाही साहेब, बटण दाबायची गरज नव्हती, हातानं कुणीतरी छान घासलाय.

तो गेल्यावर मार्लीनकडे गेलो. ती कादंबरीच्या शेवटच्या पानांवर होती. म्हणाली, चिठ्ठी होती. तोंडी सल्ल्याला बंदी होती, लेखी चालत होता. ओव्हन उघडशीलच, ट्रे काढशीलच, म्हणून त्यात ठेवली.

काय लिहिलं होतं, विचारलं. तिने पानात बोट ठेवून सांगितलं: ओव्हन घासून ठेवलाय, ते बटण दाबू नकोस. बटाटे पाण्यात ठेव. कंटाळलास की हाक मार, मिळून सोलू.

मी म्हटलं, मग बुधवारी बोलली का नाहीस? म्हणाली, बोलत होते. तू बोट केलंस.

मग म्हटलं, मला त्या दिवशी टर्की कापायला आवडतं, म्हणून एवढं सगळं. ती म्हणाली, ते मला माहीत आहे रे. फिलला सांगेन, सुरी तुझ्याकडे देईल.

कलम चार रद्द केलं. चार्ट काढून टाकला. नियम म्हणून तो वाईट नव्हता.

मग ट्रे घासायला घेतला. सोडा लावला, गरम पाणी, तारेची घासणी. तासभर घासला. काळं जात नाही. समोर वॉल्टच्या गॅरेजचं दार.