जेवल्यावरचं चालणं

२२ मार्च २००३

डोळ्याचा डॉक्टर आमच्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन करत नाही म्हणाला! मोतीबिंदू पिकलाय, पण साखर लई. जेवल्यानंतरची तर तीनशेच्या घरात. ‘आजोबा, आधी साखर उतरवा. जखम भरली नाही तर आहे तो उजेडही जाईल.’ दुसरा डोळा तर लहानपणीच गेलाय, उसाचं पाचट लागून. राहिलाय तो हा एकच.

घरी आल्यावर आमचा म्हातारा, हौशीराम, म्हणाला, “च्या टाक.” म्हणलं, “टाकते. बिनसाखरेचा.”

२४ मार्च

डॉक्टरनं सांगितलं तसं चालू केलं. ताटात आधी काकडी, मग मटकीची उसळ नाहीतर मेथी, भाकरी सगळ्यात शेवटी — तीही अर्धी. भात बंद. आणि दोन्ही टायमाला जेवलं की लवंडायचं नाही, अर्धा तास चालायचं. गोळ्या आहेतच.

म्हातारा काकडी चावत म्हणाला, “मला काय बैल समजलीस व्हय?” म्हणलं, “बैल असता तर बाजारात तरी नेला असता.” सून वैजयंती तोंडाला पदर लावून आत पळाली.

२९ मार्च

चालतोय. काठी टेकत गल्लीनं जातो, तासाभरानं येतो. एवढा खुशीत! लागलं बाई वळण.

१२ एप्रिल

रक्त तपासलं. वाढली! उतरायची सोडून वाढली! दवाखान्यातच म्हाताऱ्याकडं असं बघितलं की दिसत नसून त्याला दिसलं. घरी येऊन गुळाची ढेप पेटीत घातली, कुलूप लावलं. सुनेला बोलले — “तूच चोरून देतीस त्यास्नी.” ती रडली.

१३ एप्रिल

आज मागं मागं गेले. म्हातारा ओट्याओट्यानं चालतो! साळुबाईच्या दारात गेला की, “या तात्या, घोटभर च्या घ्या.” तिथून उठला की चांगदेवचा ओटा, तिथंही चहा. पुढच्या घरी नातू झाला म्हणून हातावर साखर. हा नको म्हणत नाही, आणि म्हणला तरी ऐकतंय कोण? आमच्याकडं दारी आलेल्या माणसापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला तर त्याला ऊठ म्हणल्यासारखंच होतं.

साळुबाईला धरलं. “तुला ठाव न्हाई व्हय त्यांची साखर?”

“ठाव हाये की! म्हणून तर कप न्हाई दिला, नुसती बशी दिली.”

म्हणलं, “उद्यापास्नं ती बशीबी उपडी ठेव!”

घरी आले. पेटी उघडली, गूळ-शेंगदाणे काढून सुनेपुढं ठेवले. तिनं खाल्ले. मिटलं.

१४ एप्रिल

गल्ली बंद. आता कालव्याच्या कडेनं. तिथं ना घर, ना चहा. पण वाट खड्ड्याखुड्ड्याची आणि ह्याला दिसत नाही, म्हणून हात धरावा लागतो. चारचौघांत लग्नात धरला होता, त्यानंतर आजच. धोंडाबाई कांद्याच्या रानातून ओरडली — “झुंबरबाई, कुठं पळवून नेतीस तात्याला?”

म्हणलं, “तुझ्याकडंच आणत व्हते. ठेवून घेतीस? दोन टाइम काकडी चारायची!”

मेली लई हसली. म्हाताराही.

१५ एप्रिल

पाय दुखले. तरी नेला.

२२ एप्रिल

चालताना सारखं विचारतो. पाणी किती हाय? कुणाचा कांदा निघाला? मी आपली सांगत जाते. आज बोलायला काही राहिलं नाही, म्हणून थाप मारली — काठावर बगळे बसलेत ओळीनं.

म्हणाला, “एकबी न्हाई.”

“तुमाला काय दिसतंय?”

“बगळं असलं की तू आवाज बारीक करतीस. उडू नये म्हणून.”

एवढी वर्षं मलाच माहीत नव्हतं हे.

४ मे, अखिती

आमरस केला. पितरांचा नैवेद्य झाला. म्हातारा वासावर आत-बाहेर, आत-बाहेर. “माझ्या बापाच्या नावानं तरी दोन वाट्या दे.”

“तुमच्या बापाला दिली की वाटी. त्यांनी न्हाई दुसरी मागितली.”

उसळ खाल्ल्यावर दोन चमचे दिले. वाटी बोटानं पुसून चाटली. बघवलं नाही. मीही नाही खाल्ला मग. आंब्याचाच राग आला मला!

बाहेर ऊन रणरणतं, म्हणून घरातच फेऱ्या मारायला लावल्या. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शिव्या देत फिरला, पण फिरला.

२४ मे

एकशे बावन्न! जेवल्यानंतरची!! मी पुन्हा विचारलं, तोच आकडा. डॉक्टर म्हणाला, “आजोबा, जमवलंत की.” म्हातारा म्हणाला, “मी कुठं? हिनं वढत नेलं.” ऑपरेशनची तारीख मिळाली.

रात्री झोपला नाही. विचारलं तर म्हणतो उकडतंय. मलाही उकडत होतं.

२९ मे

झालं ऑपरेशन. आत नेताना नर्स म्हणाली, “आजी, सोडा आता हात.” मी कुठं धरला होता? त्यानं धरला होता.

३० मे

पट्टी काढली. डॉक्टर म्हणाला, “आजोबा, समोर कोण दिसतंय?” म्हाताऱ्यानं माझा हात धरून डोळ्याजवळ नेला. मग म्हणाला, “झुंबरे, बांगड्या पार कोपरापर्यंत गेल्यात की गं तुझ्या. कवापासनं?” आणि डॉक्टरकडं वळून — “आधी हिचं रगत बघा.”

बघितलं. तीनशे चाळीस.

संध्याकाळी जेवून उठले तर म्हातारा दारात उभा — माझ्या चपला हातात घेऊन.