जूनचे गुलाब

ती. ताईस,

नमस्कार. मी नक्की कोणत्या महिन्यात जन्मले, हे सांगणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

काल सुनेने वाढदिवसाचे गुलाब आणले. प्रत्येक महिन्याचं म्हणे एक फूल असतं. जूनचा गुलाब, म्हणजे माया. मी म्हटलं, "अगं, शाळेत घालताना मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून लावून दिला. सगळ्यांनाच गुलाब वाटणार का?"

ती हसली नाही. "मग खरा महिना सांगा ना, ते फूल आणते." एवढी शिकलेली मी, आणि स्वतःचा महिना ठाऊक नाही. चीड आली ती स्वतःचीच.

मला पाहायला तू शाळा बुडवून आली होतीस म्हणे. तेव्हा थंडी होती का गं?

परवा फोनवर तू दोनदा मला आई समजून बोललीस. चालायचंच. गोळ्या वेळेवर घे. पण महिना आठवला की लगेच लिही, उद्यावर टाकू नकोस.

तुझी धाकटी

ता.क. गुलाब सुनेला विचारून शेजारणीला दिले. ती खरीच जूनची आहे. पत्र टाकायला सुनेकडे देते आहे. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आहे. तुला फक्त महिना लिहायचा आहे.